रेल्वेचा ब्लॉक लागलाय? मराठवाड्यातल्या प्रवाशाने काय, कधी आणि कसं करायचं

मराठवाड्यात येती काही वर्षं "गाडी रद्द", "मार्ग बदलला", "अमुक स्थानकापर्यंतच" हे शब्द वारंवार कानावर पडणार आहेत. मनमाड ते छत्रपती संभाजीनगर पट्ट्यात दुसऱ्या लाइनचं काम सुरू आहे. संभाजीनगर ते परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 31 जुलै 2025 रोजी मंजुरी दिली. परभणी ते मुदखेड हा भाग आधीच दुहेरी झालाय. नवी लाइन टाकायची, ती जुन्या यार्डात जोडायची, फाटकाच्या जागी भुयारी मार्ग करायचा, पुलाचे गर्डर बदलायचे, तर त्या रुळांवरून गाड्या थांबवाव्याच लागतात. यालाच ब्लॉक म्हणतात. त्याबद्दल कुरकुर करून उपयोग नाही. उपयोग आहे तो नोटीस नीट वाचण्याचा आणि पैसे व वेळ दोन्ही वाचवण्याचा. हा लेख त्यासाठीच.

आधी हे बघा: काम नेमकं कुठे आहे?

आपल्याकडे बातमी येते ती "नांदेडच्या गाड्या रद्द" अशी. पण काम नांदेडला असेलच असं नाही. मराठवाड्याचे रुळ तीन-चार वेगवेगळ्या कार्यालयांच्या ताब्यात आहेत आणि नोटीस तिथून निघते जिथे काम असतं. संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा, हिंगोली, नांदेड हा पट्टा दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. लातूर रोड, उदगीर सिकंदराबाद विभागात. आणि मनमाड जंक्शन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात.

म्हणून भुसावळ, दौंड, पुणे किंवा सिकंदराबादच्या यार्डात काम निघालं तरी जालन्याच्या माणसाची गाडी रद्द होऊ शकते, आणि त्याला स्थानिक पेपरात त्याची ओळही सापडत नाही. सवय अशी लावा: आपली गाडी जिथून निघते, जिथे संपते आणि मधे ज्या मोठ्या जंक्शनांतून जाते, त्या सगळ्या विभागांच्या सूचनांवर नजर ठेवायची. देवगिरी एक्सप्रेसने जाणाऱ्याने मुंबई, भुसावळ, नांदेड, हैदराबाद आणि सिकंदराबाद, असे पाचही. लातूर–मुंबईवाल्याने सोलापूर, पुणे आणि मुंबई. दर विभागाचं समाजमाध्यमांवर अधिकृत खातं असतं आणि नोटीस तिथे पेपरच्या आधी पडते.

कामाचा प्रकारही बघून घ्या, कारण त्यावरून त्रास किती दिवस चालणार हे कळतं. ठरलेल्या वेळेचा दोन-चार तासांचा लाइन ब्लॉक असेल तर बहुतेक गाड्या उशिराने का होईना धावतात. त्यात रुळ बदलणं, खडी ठोकणं, वेल्डिंग अशी कामं होतात. पॉवर ब्लॉक म्हणजे वरच्या तारेचा वीजपुरवठा बंद. या दोन्हींत प्रवाशाने फारसं घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते "नॉन-इंटरलॉकिंग" हा शब्द दिसला की. नोटिशीत तो "एनआय" असाही येतो, आणि त्याच्या आधीचे दिवस "प्री-एनआय". एरवी स्थानकात सिग्नल आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) एकमेकांत अडकवलेले असतात: सांधा चुकीच्या लाइनला लागलेला असेल तर सिग्नल हिरवा होतच नाही. नवी लाइन यार्डात जोडताना हे सगळं काही दिवस सोडवावं लागतं. मग काम हाताने चालतं. सांधेवाला रुळाशी जातो, सांधा हव्या त्या बाजूला बसवतो, त्यावर लोखंडी क्लॅम्प आवळतो, कुलूप घालतो. स्टेशन मास्तरची खात्री झाल्यावर लोको पायलटला लेखी परवानगीचा कागद मिळतो, हिरवा झेंडा दाखवला जातो आणि गाडी ताशी 15 किलोमीटरच्या आसपास सरकत यार्ड ओलांडते. पुढच्या गाडीसाठी हाच खेळ पुन्हा पहिल्यापासून. एरवी दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टीला वीस मिनिटं लागली की रोजच्या सगळ्या गाड्या त्या स्थानकातून जाऊच शकत नाहीत. म्हणून एनआयच्या दिवसांत गाड्या नुसत्या उशिरा धावत नाहीत, पुष्कळशा थेट रद्द होतात किंवा वळवल्या जातात.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. एकेरी लाइनवर ब्लॉक म्हणजे दोन्ही दिशा बंद. परभणी–मुदखेडसारख्या दुहेरी भागात एक लाइन बंद असली तरी दुसरीवरून आळीपाळीने गाड्या काढता येतात. त्यामुळे "परभणीला ब्लॉक" असं ऐकलं की विचारायचं, परभणीच्या कोणत्या बाजूला? सेलूकडच्या की पूर्णेकडच्या? उत्तरावर तुमचा दिवस ठरतो.

नोटिशीतली तारीख कशी वाचायची

लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

नोटिशीत दिलेली तारीख तुमच्या स्थानकावरची नसते. गाडी जिथून सुरू होते तिथल्या सुटण्याची ती तारीख असते. समजा नोटीस अशी आहे: "17057 मुंबईहून सुटणारी देवगिरी एक्सप्रेस, गाडी सुटण्याच्या तारखा 12, 13 आणि 14, बदललेल्या मार्गाने मनमाड–भुसावळ–अकोला–पूर्णा अशी धावेल." देवगिरी मुंबईहून रात्री निघते आणि संभाजीनगरला पहाटे पोचते. तेव्हा संभाजीनगर किंवा जालन्याहून नांदेडला जाणाऱ्याची 12 तारखेची पहाट सुखरूप आहे, कारण ती गाडी 11 ला निघालेली असते. त्याच्या अडचणीच्या पहाटा आहेत 13, 14 आणि 15. शेवटची 15 तारीख नोटिशीत कुठेच छापलेली नसते, आणि त्या पहाटे फलाटावर सामान घेऊन उभी असलेली मंडळी हमखास दिसतात.

लांबून येणाऱ्या गाड्यांना हा फरक हमखास लागतो. सचखंड एक्सप्रेस अमृतसरहून निघाल्यावर आपल्या भागात दुसऱ्या दिवशी येते. अमृतसरची तारीख अधिक एक, हा हिशेब करायचा. तुमच्या तिकिटावर "सुरुवातीच्या स्थानकाची तारीख" आणि "बसण्याची तारीख" वेगवेगळी असेल तर नोटिशीशी पहिली ताडायची, दुसरी नाही.

त्याच नोटिशीतला मार्गही बोट ठेवून वाचा. मनमाड–भुसावळ–अकोला–पूर्णा म्हणजे काय काय सुटलं? संभाजीनगर सुटलं, जालना सुटलं, परतूर, सेलू, मानवत रोड सुटलं. आणि परभणीही सुटलं. पुष्कळ परभणीकर "गाडी पूर्णेला येते म्हणजे परभणीला येतेच" असं धरून बसतात. अकोल्याकडची लाइन पूर्णेला मिळते आणि परभणी पूर्णेच्या पश्चिमेला राहते; वळवलेली गाडी पूर्णेहून सरळ नांदेडकडे निघून जाते. परभणीकराने अशा वेळी पूर्णा गाठायची. अंतर तीसेक किलोमीटर, एसटी आहे, काळीपिवळी आहे, नशीब असेल तर एखादी पॅसेंजरही. वळवलेल्या मार्गावर हिंगोली, वाशीमला गाडी थांबेलच असंही समजू नका. थांबा दिलाय का ते नोटिशीत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नाही असं समजा.

बाकीचे शब्द भराभर. "अंशतः रद्द" म्हणजे गाडी धावते, पण एका टप्प्यात नाही: मनमाडऐवजी नगरसोलपर्यंतच येईल आणि तिथूनच परत फिरेल, असं. "रिशेड्यूल" म्हणजे सुरुवातीच्या स्थानकावरूनच दोन-तीन तास उशिरा सुटेल. "रेग्युलेट" हा शब्द दिसला तर गाडी वाटेत कुठेतरी थांबवून ठेवणार आहेत. किती मिनिटं तेही शेजारी दिलेलं असतं, त्यात आपल्या मनाने थोडी भर घालावी.

आणि जोडीच्या गाडीचा विचार करा. मुंबईहून येणारा रेक (गाडीच्या डब्यांचा संच) आलाच नाही तर इथून जाणारी गाडी कशाची सुटणार? म्हणून एका दिशेची गाडी आज रद्द असेल तर परतीची आज किंवा उद्या रद्द असण्याची शक्यता दाट. जातानाचं तिकीट बघून निर्धास्त झालेल्यांनी येतानाचा नंबरही तपासावा. नंबर वेगळा असतो, एकाने वाढलेला किंवा घटलेला.

खात्री कुठे करायची

व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो हा सुगावा समजा, पुरावा नाही. जुन्या नोटिशी वर्षभराने पुन्हा फिरतात, महिना तोच असला की कुणाला शंकाही येत नाही. फोटोतलं वर्ष आणि सहीखालचं कार्यालय बघा.

खात्रीचे मार्ग तीन. एनटीईएस या रेल्वेच्या चौकशी ॲपमध्ये रद्द, वळवलेल्या आणि वेळ बदललेल्या गाड्यांच्या स्वतंत्र याद्या असतात. 139 वर फोन करून गाडीचा नंबर आणि तारीख सांगता येते. जुलै 2025 पासून आलेल्या रेलवन ॲपमध्ये तिकीट, पीएनआर, गाडीची स्थिती आणि तक्रार, सगळं एका ठिकाणी आहे. प्रवासाच्या आठ दिवस आधी एकदा, आदल्या दिवशी एकदा आणि घरातून निघण्यापूर्वी एकदा बघायचं. नोटीस निघाल्यावरही बदल होतात. काम लवकर आटपलं की रद्द केलेली गाडी पुन्हा सोडल्याचीही उदाहरणं आहेत.

एसएमएसवर विसंबू नका, पण तो येईल अशी सोय मात्र ठेवा. रेल्वे मेसेज पाठवते तो तिकीट काढताना दिलेल्या नंबरवर. गावातल्या सेतू केंद्रातून किंवा एजंटाकडून तिकीट काढलं की पुष्कळदा त्याचाच नंबर टाकलेला असतो. मग गाडी रद्द झाल्याचं त्याला कळतं, तुम्हाला नाही. तिकीट काढतानाच सांगा, "दादा, नंबर माझा टाका." चार्ट आता पूर्वीपेक्षा बराच आधी लागतो, त्यामुळे वेटिंगवाल्यांना निर्णय घ्यायला थोडा जास्त वेळ मिळतो एवढं एक बरं झालंय.

तिकिटाचं काय करायचं

पहिला नियम: घाईने स्वतः रद्द करू नका. ब्लॉकची बातमी आली की लोक लगेच ॲप उघडून तिकीट रद्द करतात आणि रद्द करण्याची कपात सोसतात. गाडी रेल्वेने रद्द केली तर पूर्ण भाडं परत मिळतं. फक्त त्यासाठी गाडी रेल्वेच्या यंत्रणेत "रद्द" अशी दिसली पाहिजे, आणि नोटीस निघाल्यापासून तिथे नोंद व्हायला काही वेळा दिवस जातात. तोवर धीर धरा. पीएनआर तपासत राहा.

ऑनलाइन काढलेलं तिकीट असेल आणि गाडी पूर्ण रद्द झाली असेल तर तुम्हाला काहीच करायचं नाही. पैसे आपोआप ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात येतात. बुकिंगचं सुविधा शुल्क सहसा परत मिळत नाही, ते सोडून द्या. एजंटाने काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटाच्या खात्यात जमा होतात, म्हणून त्याच्याकडे विचारणा करत राहा.

खिडकीवरच्या तिकिटाला मात्र आपोआप काही होत नाही. ते घेऊन आरक्षण खिडकीवर जावं लागतं, गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून 72 तासांच्या आत. मूळ तिकीट हवं. मोबाइलमधला फोटो चालत नाही. ज्येष्ठ मंडळींची तिकिटं बहुधा खिडकीचीच असतात आणि नेमकी तीच "बघू नंतर" म्हणत पाकिटात राहतात. घरातल्या तरुणाने एवढं काम अंगावर घ्यावं.

गाडी रद्द नाही पण वळवलीय, आणि तुम्हाला त्या मार्गाने जायचं नाही? किंवा ती तुमच्या स्थानकाला शिवतच नाही? इथे आपोआप परतावा नाही. टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. तिकीट काढलेल्या ॲपवर किंवा संकेतस्थळावरच टीडीआरचा पर्याय असतो; त्यात कारणांची यादी येते. "गाडी वळवली आणि प्रवास केला नाही", "गाडी बसण्याच्या स्थानकाला गेली नाही", "गाडी उतरण्याच्या स्थानकाला गेली नाही" ही वेगवेगळी कारणं आहेत. तुमचं जे असेल तेच निवडा, जवळचं म्हणून दुसरं नको. कारण चुकीचं निवडलं की टीडीआर फेटाळला जातो. मुदत गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून 72 तास. टप्प्यापुरत्या रद्द झालेल्या गाडीलाही हीच वाट.

उशिराचा नियम वेगळा आणि जास्त कडक आहे. गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही गेला नाहीत तर पूर्ण पैसे मिळतात, पण टीडीआर गाडी तुमच्या स्थानकावरून प्रत्यक्षात सुटण्याच्या आत भरायला हवा. खिडकीचं तिकीटही त्याच मुदतीत परत करायचं. "आधी एसटीने घरी पोचतो, मग निवांत भरतो" असं म्हणणाऱ्याचे पैसे गेले. फलाटावर बसल्या बसल्या भरा.

गाडीत बसल्यावर ती मधेच संपवली तर टीसीकडून किंवा स्टेशन मास्तरकडून तसं लिहून घ्या. न झालेल्या प्रवासाच्या भाड्यावर तुमचा हक्क आहे आणि तो सिद्ध करायला कागद लागतो. गर्दीत कुणी लिहून द्यायला तयार होत नाही, हे खरं, तरी मागावं. निदान फलकाचा, उद्घोषणेच्या स्क्रीनचा वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या स्थानकावरून चढायचं ठरवलं, म्हणजे परभणीऐवजी पूर्णेहून, तर बसण्याचं स्थानक बदलून घ्या. हे किमान 24 तास आधी करावं म्हणजे अडचण येत नाही. न बदलता पूर्णेला चढलात आणि टीसीने तुमची जागा आरएसीवाल्याला दिली असेल तर भांडून फायदा नाही. एकदा बदललं की जुन्या स्थानकावरून चढण्याचा हक्क संपतो, हेही ध्यानात असू द्या.

जनरलने जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: ब्लॉकच्या दिवसांत मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट गाडी येतेय याची खात्री झाल्याशिवाय काढू नका. ते रद्द होत नाही.

पर्यायी वाट जिल्ह्यागणिक वेगळी

संभाजीनगर, जालन्याच्या लोकांना मनमाड बाजूचा ब्लॉक सगळ्यात जास्त झोंबतो, कारण गाड्या अकोल्याकडून वळल्या की हे दोन जिल्हे पूर्ण कोरडे पडतात. मुंबई-नाशिककडे जायचं तर एसटीने मनमाड गाठून तिथे मध्य रेल्वेच्या मुख्य लाइनवरची गाडी धरणं हा जुना आणि भरवशाचा मार्ग. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाल्यापासून जालना आणि संभाजीनगरहून रस्त्याने मुंबई गाठणं खूपच सोपं झालंय, पण ब्लॉकच्या शनिवार-रविवारी खासगी बसचे दर बघून डोळे पांढरे होतात. तिकीट आधी बुक करा, बातमी सगळ्यांनाच एकाच दिवशी कळते.

परभणी, नांदेड, हिंगोलीवाल्यांकडे दोन दारं आहेत. मनमाड बाजू बंद असेल तर पुण्या-मुंबईला परळी–लातूर रोड–लातूर–कुर्डुवाडी–दौंड मार्गे जाता येतं. पनवेल–नांदेड एक्सप्रेस एरवीही याच वाटेने धावते. त्यामुळे मनमाडकडे काम निघालं की या गाडीचं वेटिंग एका रात्रीत फुगतं. नोटीस दिसल्या दिवशीच तिकीट बघा. आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं, म्हणजे दोन महिन्यांच्या आतलीच धावपळ आहे. दुसरं दार पूर्णा–हिंगोली–वाशीम–अकोला. अकोला हावडा–मुंबई मुख्य लाइनवर आहे, तिथे गाड्यांना तोटा नाही. हिंगोलीकरांना तर एरवीही अकोला जवळचंच.

लातूर, धाराशिवकरांचं गणित कुर्डुवाडी आणि दौंडवर चालतं. तिथे काम असेल तर एसटीने थेट सोलापूर गाठून पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरा. तुळजापूरवरून तर सोलापूर 45 किलोमीटरच्या आसपास. उदगीरकरांनी लातूर रोडची चौकशी आधी करावी, कारण परळी–विकाराबाद लाइनवरचं काम लातूरच्या नोटिशीत येत नाही.

बीड आजवर या यादीत नसायचं. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली आणि आता बीडकरांनाही ब्लॉकची बातमी वाचावी लागणार! तिथे निदान एसटीचा जुना रस्ता सगळ्यांना पाठच आहे.

एसटीच्या खर्चाचा हिशेब करताना घरातल्यांचं वय मोजा. महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 च्या पुढच्यांना मोफत. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली ती केलीच. त्यामुळे आजी-आजोबा आणि दोन सुना असं कुटुंब असेल तर ब्लॉकच्या दिवशी एसटी रेल्वेच्या आरक्षित डब्यापेक्षा फार महाग पडत नाही. ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं वेगळं जवळ हवं. रेल्वेचं तिकीट एसटीत चालत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण वाहकांना हा प्रश्न विचारला जातो खरा.

ज्यांची वेळ चुकून चालणार नाही

परीक्षा, खंडपीठातली तारीख, घाटी रुग्णालयातली ठरलेली शस्त्रक्रिया, विमान. यांपैकी काही असेल तर "गाडी रद्द नाही, फक्त रिशेड्यूल आहे" या आशेवर राहू नका. एनआयच्या दिवसांत धावणारी गाडी दोन तास लेट धरली तर ती चार तास होऊ शकते. आदल्या दिवशी पोचा. स्पर्धा परीक्षेवाल्या मुलांनी तर प्रवेशपत्र आलं की केंद्र असलेल्या शहराचा आणि वाटेतल्या जंक्शनचा ब्लॉक लगेच तपासावा, कारण परीक्षा रविवारी असते आणि मोठी कामंही पुष्कळदा आठवड्याच्या शेवटी काढली जातात. तारीख पुढे ढकलली जाईल म्हणून कुणी वाट बघू नये. रेल्वे लेट होती हे कारण केंद्रावर चालत नाही.

मनमाड, अकोला किंवा दौंडला गाडी बदलायची असेल तर दोन्ही तिकिटं "कनेक्टिंग" म्हणून जोडून घ्या. दोन्हींवर नावं तीच आणि बदलण्याचं स्थानक तेच असलं की पीएनआर जोडता येतात. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कपातीविना मागता येतात. न जोडलेल्या तिकिटाला ही सवलत नाही. ती गाडी वेळेवर गेली, तुम्ही नव्हता, एवढंच त्यात दिसतं.

वळवलेल्या गाडीने जाणार असाल तर जेवण दीड वेळचं जास्त घ्या. रोजच्या मार्गावर कुठे चहा मिळतो, कुठे वडापाव, हे पाठ असतं. नव्या मार्गावर गाडी भलत्याच वेळी भलत्याच स्थानकात उभी राहते, आणि बाहेरच्या सिग्नलला तास-दीड तास. दशम्या, धपाटे, दाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या. मधुमेह असलेल्यांनी गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्या, बर्थखालच्या बॅगेत नाही.

फाटकं आणि बंद रुळ

ब्लॉकचा त्रास गाडीत न बसणाऱ्यालाही होतो. फाटकाखाली भुयारी मार्ग होत असेल किंवा फाटकातले रुळ उकरायचे असतील तर रस्ताच बंद होतो. त्याची सूचना रेल्वे आणि जिल्हा प्रशासन देतं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि फाटकावरही फलक असतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवरचं फाटक दोन दिवस बंद राहिलं तर ट्रॅक्टर-ट्रॉलीला दहा-पंधरा किलोमीटरचा फेरा पडतो. वाहतूकदाराला आधी सांगितलं तर तो दुसरा रस्ता धरतो. शाळेच्या बसचंही तेच. काम लांबतंय असं दिसलं तर गावाने लेखी निवेदन देऊन पायी जायला वाट मागावी, ती बहुधा मिळते.

आणि एक गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नका. "लाइन बंद आहे" म्हणजे रुळांवर काही येणार नाही असं नव्हे. प्रवासी गाड्या बंद असतात तेव्हा खडीच्या गाड्या, खडी ठोकणारं टॅम्पिंग मशीन, तारांच्या कामाची टॉवर वॅगन, मालगाड्या कधीही येतात, आणि त्यांचं वेळापत्रक कुणाला ठाऊक नसतं. 8 मे 2020 ला टाळेबंदीत, प्रवासी गाड्या बंद आहेत या समजुतीत रुळांवर विसावलेल्या 16 मजुरांचा करमाडजवळ मालगाडीखाली जीव गेला. शेताकडे जायची जवळची वाट म्हणून रुळांतून चालू नका, गुरं सोडू नका. विद्युतीकरण झालेल्या भागात वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात. कडब्याने उंच भरलेली गाडी फाटकातून नेताना उंचीचा लोखंडी अडसर दिसतो तो त्यासाठीच.

लाइन पुन्हा सुरू झाल्यावर

काम संपलं की नवी लाइन लगेच वेगाने धावत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी होते, मंजुरी मिळते, आणि सुरुवातीचे काही दिवस त्या तुकड्यात वेगमर्यादा असते. खडी नीट बसेपर्यंत ती टप्प्याटप्प्याने उठवतात. म्हणजे ब्लॉक 20 तारखेला संपला तरी 21 ची गाडी वेळेवर येईल असं धरून मनमाडला चाळीस मिनिटांत दुसरी गाडी पकडायचं तिकीट काढू नका. पहिला आठवडाभर दोन गाड्यांमध्ये निदान तीन तास ठेवा. दुहेरीकरण झाल्यावर वेळापत्रकही बदलतं, काही गाड्या दहा-वीस मिनिटं आधी सुटायला लागतात. रोजच्या गाडीची वेळ नव्याने बघून घ्या.

परताव्याकडेही याच सुमारास लक्ष द्या. रद्द गाडीचे पैसे साधारण आठवड्याभरात खात्यात दिसतात. टीडीआरला जास्त वेळ लागतो, कारण तो रेल्वेकडे तपासणीला जातो. टीडीआरचा नंबर जपून ठेवा आणि ॲपमध्ये स्थिती बघत राहा. फेटाळला गेला आणि कारण चुकीचं वाटलं तर नोटिशीचा फोटो आणि गाडीच्या त्या दिवशीच्या स्थितीचा स्क्रीनशॉट जोडून पुन्हा लिहा. एनटीईएसवर जुन्या दिवसांची माहिती फार काळ दिसत नाही, म्हणून तो स्क्रीनशॉट प्रवासाच्या दिवशीच काढलेला असायला हवा.